थोडासाच वाढवलेला वेग

सोमवार, ९ मार्च
मुलीचं आर्किटेक्चरचं शेवटचं वर्ष. शुक्रवारी सबमिशन: एका दवाखान्याची सगळी ड्रॉइंग्ज आणि चित्रं. एकेक चित्र तयार करायला कॉम्प्युटर अर्धा दिवस खातो. बापाला कळतंच. दोन व्हिडिओ बघितले. कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर जास्त पळवता येतो. ओव्हरक्लॉक करणं म्हणतात. सेटिंगमध्ये दोन आकडे वाढवायचे, बस. फुकटात नवा कॉम्प्युटर! उद्या ती कॉलेजला गेली की उरकून टाकतो. सरप्राइज.

मंगळवार, १०
ऑफिसला दांडी. व्हिडिओतला माणूस म्हणत होता, हळूहळू वाढवा. वेग वाढवायचाय आणि म्हणे हळूहळू! एकदमच वाढवला. व्होल्टेजही थोडं जास्त दिलं, उपाशीपोटी कोण पळणार. सेव्ह केलं. स्क्रीन काळी.

दुपार. अजून काळीच. पंखा फिरतोय, दिवे लागतायत. म्हणजे जीव आहे. नव्या वेगाची सवय होत असावी.

संध्याकाळ. मुलगी आली. 'अपडेट चालू आहे' असं सांगितलं. एका अर्थी खरंच आहे.

बुधवार, ११
झाकण काढलं. रॅमच्या पट्ट्या खोडरबरने पुसून परत बसवल्या. ढिम्म.

मुलीला कळलं. ओरडली असती तर परवडलं असतं. खुर्चीत बसली. मग म्हणाली, 'बाबा, माझ्या फाइल्स?' सुरक्षित आहेत म्हटलं. 'कशावरून?' मग मी आवाज चढवला.

बायको म्हणाली, भाऊला बोलावते. तिचा भाऊ कॉम्प्युटरमधला. मी ठणकावून सांगितलं, अजिबात गरज नाही.

मेहुणा तासाभरात आला. मला एका शब्दाने बोलला नाही. त्याचं हेच मला आवडत नाही. डिस्क काढून स्वतःच्या लॅपटॉपला जोडली. फाइल्स शाबूत. (मी सांगितलंच होतं.) मुलगी बॅग भरून, डिस्क घेऊन त्याच्याबरोबर निघाली. 'मामाकडेच पूर्ण करते.' बाकीच्या मशीनला मात्र मी त्याला हात लावू दिला नाही. आपलं आपण निस्तरायचं.

गुरुवार, १२
पुन्हा दांडी. मदरबोर्डवर बटणाएवढा सेल असतो. तो काढला की मशीन सगळी सेटिंग्ज विसरतं म्हणे. काढला, लावला. काढला, लावला. विसरायला तयार नाही. स्मरणशक्ती बायकोच्या माहेरची दिसते. पुस्तिकेत लिहिलंय, आधी प्लग काढा. असल्या सूचना नवशिक्यांसाठी असतात. शेवटी सेल बशीत ठेवला आणि वैतागून फेरी मारायला गेलो.

परत येतो तर बायकोने कॉम्प्युटरचा प्लग काढून तिथे इस्त्री लावलेली! इथे माणसाचं काय चाललंय आणि हिला शर्टांची पडलीय. 'तुझेच आहेत,' म्हणाली.

शुक्रवार, १३
सुरू झाला!! सेल बसवला, प्लग लावला, बटण दाबलं आणि स्क्रीनवर अक्षरं! जुन्याच वेगाची, पण अक्षरं. डिस्क नाही म्हणून कुरकुरतोय, ते चालायचंच. चिकाटी कामी आली. मशीनला रात्रभर विश्रांती हवी होती, हे बायकोला समजावून सांगितलं. ती इस्त्रीकडे बघत होती.

मुलीला फोन केला. डिस्क घेऊन ये, सगळं तयार आहे! ती म्हणाली, 'बाबा, सकाळीच सबमिट झालं.' सर काय म्हणाले? 'आवडलं त्यांना.' वा, वा. घरी कधी येतेस? 'रविवारी.'

रविवार, १५
आली. मामाच्या गाडीतून, मामासकट. मी मशीन आतून-बाहेरून पुसून ठेवलं होतं. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. राग नाही म्हणाली. मनापासून म्हणाली, हे मला कळतं. पण म्हणाली, तोंडी परीक्षा होईपर्यंत कॉम्प्युटर मामाकडे राहू दे. मी म्हटलं, अगं, आता काळजीच नाही, मला त्यातलं सगळं कळलंय.

'म्हणूनच, बाबा.'

चादरीत गुंडाळून दोघांनी उचलला. मीही हात पुढे केला. मेहुणा म्हणाला, 'भाऊजी, तुम्ही लिफ्टचं दार धरा.'

धरलं. दोन्ही हातांनी.