चौथ्या कोपऱ्याचा दगड

मी, वय वर्षे चोवीस, जन्माने परदेशी, धंद्याने शेतकरी आणि पाच महिन्यांपासून शिपाई, हा कागद माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. प्यालेलो नाही. कुणी धाक घातलेला नाही. घातला असता तरी मी ऐकलं नसतं, हे माझ्या ताईला विचारा. उद्या आमची तुकडी आघाडीवर जाते. परत आलो तर हा कागद चुलीत घालेन. न आलो तर तो मोजणी कचेरीत, मोजणीदार आणि माझा बांधाशेजारी यांच्यासमोर मोठ्याने वाचावा.

१. माझी सगळी जमीन माझ्या थोरल्या बहिणीला. आम्ही दोघं या देशात आलो आणि ती कसायला मिळाली, तेव्हा तिथे नुसते दगडधोंडे होते. सहा वर्षं आम्ही ते वेचले. परक्याच्या नावावर इथे जमीन होत नाही. तो सैन्यात भरती झाला तर मात्र होते, आणि त्याच्यामागे वारसाला मिळते. म्हणून मी भरती झालो. झेंडा पाहून ऊर वगैरे भरून आला नव्हता. ताई आधी रडली, मग चिडली. ताई, तुझं चुकलं नव्हतं. पण जमीन आपली झाली.

२. घर, म्हणजे एक खोली आणि वाकडा दरवाजा, तेही तिलाच. दरवाजा मी बसवलेला आहे, तो कुणी सरळ करू नये. कुदळीचा दांडा तिच्या हाताच्या मापाने कापून ठेवला आहे. माझा कोट तिने खुशाल वापरावा, आठवण म्हणून जपून त्याला कसर लावू नये.

३. शेजाऱ्याला काय द्यावं, यावर मी बराच विचार केला. हा गृहस्थ बोट दिलं की हात धरणारा. दर नांगरणीला आमच्या हद्दीचे दगड वीतभर आत सरकवतो. पहिल्यांदा मी विचारायला गेलो, तर हसून म्हणाला, "पाहुण्याने जेवावं, घर मोजत बसू नये." तेव्हापासून गावात मला पाहुणाच म्हणतात. परक्याची तक्रार कचेरीत कोण घेणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला.

पण आमच्या वडिलांची एक रीत त्याला ठाऊक नाही. हद्दीचा दगड रोवण्याआधी आमच्याकडे त्याखाली हातभर खोल कोळसा पुरतात. लाकूड कुजतं, दगड सरकतो, कोळसा जागचा हलत नाही. पहिली मोजणी झाली त्याच दिवशी मी तो पुरला. मोजणीदारसाहेब, आताचे दगड विसरा आणि ताई दाखवेल तिथे खणा, जागा मी तिला दाखवून ठेवल्या आहेत. तीन कोपऱ्यांत कोळसा सापडेल. चौथ्यात नाही. तेव्हा ताई तापाने फणफणली होती, उरलेली टोपली मी शेगडीत घातली. त्याचा मला पश्चात्ताप नाही. शेत सरळ चौकोनी आहे, तीन कोपरे मिळाले की चौथा दोरीने मोजून निघतो.

तर शेजाऱ्याला मी हे काम देतो: दगड ज्याने नेले त्यानेच परत आणावेत. बैल न लावता.

४. मला त्या चौथ्या कोपऱ्यात पुरावं. देह मिळाला नाही तर दाराआडचे माझे शेतातले बूट पुरावेत. डाव्याला भोक आहे, चालेल. माणूस कोळशासारखा टिकत नाही, एवढं मला कळतं. पण त्याच्यावरचा दगड हलवायला छाती लागते. मला मरायचं नाही, हेही लिहून ठेवतो. पुढच्या वर्षी खालच्या पट्ट्यात बटाटे लावायचे होते. पण मेलोच, तर पाहुणा इथून जायचा नाही.

सही: पाहुणा, शिपाई

साक्षीदार: १. तुकडीचा न्हावी. २. छावणीचा आचारी ("माझ्या स्वयंपाकाबद्दलही दोन ओळी लिही," म्हणाला, मी लिहिल्या नाहीत).

ठिकाण: छावणीचा धुलाईखाना. दिनांक: नवव्या महिन्याची चौदा, दुपार.

मोजणी कचेरीची नोंद, अकरा आठवड्यांनंतर: कागद सर्वांसमक्ष वाचला. तीन ठिकाणी कोळसा मिळाला. देह आलेला नाही. चौथ्या जागी बहिणीने बूट पुरले. शेजारी हजर होते. दगड त्यांनी हातांनी आणले. शेवटचा ठेवताना त्यांनी बहिणीला विचारले, "इथेच ना?"

ती म्हणाली, "अजून वीतभर. तुमच्या बाजूला."