बन सेन नावाचा बंगाली

शॉमबर्ग,
१२ फेब्रुवारी २००५

ती. शरयूआत्यास,
सुमेधाचा शि. सा. न. वि. वि.

स्क्रीनकडे बघवत नाही म्हणून तू ईमेल बंद केलंस, आणि फोनवर छान चाललंय एवढंच सांगून ठेवून देतेस. म्हणून हा मोठ्या अक्षरांतला कागद. तुझा उजवा डोळा गेला याचं आम्हालाही फार वाईट वाटतं. पण जिथे जन्मभर रसायनशास्त्र शिकवलंस, त्या कॉलेजने लॅबसाठी आठवड्यातून दोन दिवस पुन्हा बोलावलं आणि तू सरळ नाही म्हणून टाकलंस, हे मला तुझ्या शेजारच्या अहिल्याकाकूंकडून कळावं? मला खरंच राग आलाय.

आता आमची फजिती ऐक. रुचाच्या वर्गात प्रत्येकाने एकेक शास्त्रज्ञ होऊन बोलायचंय. तिच्या वाट्याला बन्सेन आला. मी म्हटलं, अगं, हा तर आपलाच माणूस! नागपूरला शाळेत बाई ‘बन्सेन बर्नर’ म्हणायच्या, तेव्हापासून माझ्या डोक्यात बोस आणि रे यांच्या पंगतीला एक बन सेन धोतर नेसून बसलेत. रुचाने ते वर्गात ठणकावून सांगितलं. टीचरने नकाशात जर्मनी दाखवला. सगळा वर्ग हसला, आणि आता पोरगी म्हणते, आय ॲम नॉट डूइंग इट. नवरा म्हणवणारा शैलेंद्र मला ‘सेनबाई’ अशी हाक मारतोय, ते वेगळंच.

तूच तिच्यासाठी काहीतरी लिही. लोभ आहेच, तो तिकडच्या बर्फात गोठू देऊ नये.

तुझी,
सुमेधा


श्रूजबरी,
२१ फेब्रुवारी २००५

चि. सुमेधास अनेक आशीर्वाद.

अहिल्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. कॉलेजचा विषय संपलाय, पुन्हा काढू नकोस.

सेनबाबूंचं वाचून मात्र हसून हसून पुरेवाट झाली. रुचाला सांग, हा गॉटिंगनला जन्मला आणि हायडेलबर्गला शिकवून म्हातारा झाला. ज्या बर्नरमुळे तो जगभरच्या शाळांत पोचला, तो घडवला त्याच्या प्रयोगशाळेतल्या कारागिराने. कल्पना याची, हात त्याचे. पेटंट घेतलंच नाही. त्या ज्योतीत क्षार धरायचे आणि प्रकाशातल्या रंगीत रेघा बघायच्या, असं करत एका मित्राबरोबर त्याने सिझियम आणि रुबिडियम ही दोन मूलद्रव्यं शोधली. लग्नाला वेळ झाला नाही म्हणे. हेच कारण मी तुझ्या आजीला दिलं होतं, तिने मानलं नाही. अंगाला रसायनांचा वास इतका, की एका सहकाऱ्याची बायको म्हणाली म्हणतात, माणूस इतका गोड की पापा घ्यावा, पण आधी धुवून काढावा लागेल! चंद्रावरच्या एका विवराला त्याचं नाव आहे. एवढं पुरे.

सेनबाबूंना आणि तुम्हा सर्वांना आशीर्वाद. लोभ ठेवाल तेवढा थोडाच.

तुझी,
शरयूआत्या


शॉमबर्ग,
६ मार्च २००५

ती. शरयूआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून रुचा लायब्ररीत गेली आणि फुरंगटून परत आली. आत्याआजीने सगळ्यात मोठी गोष्टच गाळली म्हणे. तरुणपणी आर्सेनिकच्या प्रयोगात स्फोट झाला आणि त्याचा उजवा डोळा गेला. आत्या, मी सुट्टीत तुझ्याकडे आले असताना लॅबमध्ये गॉगल लावायला लावताना ‘एका शास्त्रज्ञाची’ म्हणून हीच गोष्ट सांगून तू मला घाबरवलं होतंस. तेव्हा विसरलीस असं सांगू नकोस.

बर्नर, मूलद्रव्यं, सगळं त्यानंतरचं, हे रुचानेच शोधून काढलं. शिवाय रेघा बघायच्या त्या दुर्बिणीसारख्या नळीला तरी दोन डोळे कुठे लावतात, असं तिचं म्हणणं. आता ती बन्सेन व्हायला तयार आहे. चष्म्याच्या एका काचेवर काळा कागदही चिकटवून झालाय. पण तिने विचारलं, तो थांबला नाही, मग आत्याआजी का थांबली? याचं उत्तर तूच दे.

रागावलीस तरी चालेल, पण लोभ कमी करू नये.

तुझी,
सुमेधा


श्रूजबरी,
२७ मार्च २००५

चि. सुमेधास अनेक आशीर्वाद. हे पत्र चि. रुचाला वाचून दाखव.

रुचा, तुझ्यावर दोन दिवस रागावले होते. मग तुझ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला बसले. मी थांबले ती डोळा गेला म्हणून नव्हे गं. एका डोळ्याने अंतर कळत नाही. द्रव टेस्टट्यूबमध्ये ओतावा तर बाहेर सांडतो. एक थेंब सांडला तरी मी मुलांवर ओरडायचे, आता तीच मुलं मला हसतील, याची भीती वाटली. वर्ग हसला की कसं होतं, ते तुला सांगायला नको.

तरी कॉलेजला फोन केला. मंगळवारी पहिला तास झाला. पहिल्याच ओतण्यात पाणी टेबलावर. पुढच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. वाटलं, पर्स उचलावी आणि घरी जावं. मग मुलांना जे कधी करू दिलं नाही, ते केलं. बाटलीचं तोंड नळीच्या काठाला टेकवलं आणि ओतलं. सगळं आत. मुलांना सांगितलं, मला एकाच डोळ्याने दिसतं, म्हणून मी असं करते. तुम्ही केलंत तर मार्क कापीन. मग बर्नर पेटवला आणि शिकवायला लागले.

लोभ आहेच. मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी फोन करू नये, मी लॅबमध्ये असते.

तुमची,
शरयू