दरीवरची तार आणि दोन पाळणे

जर्दाळूच्या लाकडाचं चाक एक, व्यास एकशे बारा सेंटिमीटर (तेरा नव्हे); लोखंडी आकडे चौदा; विणलेले पाळणे दोन; हातब्रेक एक. हे सर्व मी, इशेनकुल, वय त्रेपन्न, शिक्षण सहावी, माझ्या हातांनी केलं. बिश्केकला छातीच्या शस्त्रक्रियेसाठी निघण्यापूर्वी, शुद्ध बुद्धीने आणि कुणाच्या दडपणाखाली न येता, पुढील व्यवस्था लिहून ठेवतो.

१. घर व मेंढ्या पत्नी बुरुलचा हिच्याकडे. समोवर तिने कुणाला उसना देऊ नये. मागचा तोटीविना परत आला.

२. कुरणावरच्या सहा घरांचं पीठ, मीठ, औषध दरीवर ताणलेल्या याच तारेने चढतं. वरून गवताचा भारा सुटला की त्याच्या वजनाने खालचा पाळणा वर जातो; इंजिन नाही. धुक्यात पाळणा विरघळतो, तार तेवढी गुणगुणत राहते, आणि मग ढगातून गवत उतरतं, अख्खा उन्हाळा घेऊन. उंचीवर चढवायला केलेलं काम उंची जपून ठेवते, वाट सरळ असो की वळणाची, आणि उतरताना परत करते. घर्षण मात्र वाट लांबेल तसं जास्त खातं. ते परत मिळत नाही.

३. थोरला भाऊ कानिमेत. नऊ वर्षांपूर्वी, भर जानेवारीत, त्याने चाकाला मेंढीच्या शेपटीची चरबी लावली. ती गोठली, चाक अडलं, पाळण्यात बसलेली बुरुलचा चार तास दरीवर लटकली.

"दादा, हे चाक आहे, पुलाव नाही!"

"आजोबांनी सगळ्याला हीच लावली. तू पुस्तकं वाचून शहाणा झालास!"

बुरुलचा उतरली ती हसतच. "भांडा तुम्ही. मला आज वरून आपलं छप्पर दिसलं. फुटलंय."

छप्पर मी नीट केलं. दादाशी बोललो नाही. नऊ वर्षांची वाट झाली. तिने किती खाल्लं, याचं माप माझ्याकडे नाही.

४. ब्रेक कुठे आवळायचा हे माझ्याखेरीज फक्त दादाला ठाऊक आहे. मी परतलो नाही तर तार, चाक, पाळणे त्याचे. अट एकच: यंत्राचं तेल. वरची सहा घरं त्याच्यावर सोपवतो.

साक्षीदार: सुयुनबाय (मेंढपाळ), झायनागुल (परिचारिका)
सही: इशेनकुल
कोक-आगाच, ११ ऑक्टोबर

सहीनंतरची नोंद, साक्षीदारांसमोर: खालच्या हॉटेलवाल्याने पाहुणे फिरवायला तार मागितली होती. कागदावर एवढंच हवं होतं: "मी एकट्याने बांधली, इतर कुणाचा हक्क नाही." पहिला दोर कमरेला बांधून कडा चढला तो दादा, मी खाली उभा राहून गणित करत होतो. त्या कागदावर मी सही केली नाही. देऊ केलेली रक्कम: चाळीस लाख सोम.