ओढ्यातला खांदा

प्रिय ऋषिराज,

गुरुवार, ५ मार्च २०२६, दुपारचे चार वाजून चाळीस मिनिटं. हरणाबाईची तिरडी ओढ्याच्या मधोमध थांबली होती आणि आपल्या काठावर तू, गावचा सरपंच, स्मशानाच्या नव्या फाटकाला कुलूप घालून उभा होतास.

आपल्या गावात सरहद्द म्हणजे हा ओढा. अलीकडे सांगली जिल्हा, पलीकडे कर्नाटक. वस्ती दोन्हीकडे, स्मशान मात्र एकच, आपल्या काठाला. पलीकडचं माणूस गेलं की त्यांनी ओढ्यापर्यंत आणायचं, आणि पाण्यात उतरून पुढचा खांदा आपण द्यायचा. तुझ्या आजोबांनी दिला. तुझ्या वडिलांनी तर गुडघे गेल्यावरही दिला. मेलेल्याला आधारकार्ड कुणी विचारलं नाही.

तू विचारलंस. मला म्हणालास, "आत्या, शेड आपल्या ग्रामपंचायतीच्या निधीतनं झालंय. परराज्यातलं मयत आत घेतलं तर वरनं मलाच विचारतील. तुमाला न्हाई कळायचं." मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, बाळ. असल्या सबबी सांगणाऱ्यांना मी पहिल्या बाकावर बसवत असे. हरणाबाईचा नाथाजी आईचा भार खांद्यावर घेऊन पाण्यातून एवढंच म्हणाला, "आवं सरपंच, आमी कवापासनं परकं झालो?" एरवी तो तुला ऋष्या म्हणतो.

तू लहान असताना तुझी आई मिरजेच्या दवाखान्यात होती, तो अख्खा उन्हाळा तू हरणाबाईच्या घरी काढलास. परत आलास तो कन्नडमध्ये भाकरी मागत. माझ्याजवळ बसेनास. "अव्वाकडं जायचंय," म्हणून घर डोक्यावर घेतलंस. त्या अव्वाला परवा तू पाण्यात तिष्ठत ठेवलंस. तुझ्यामागे आपले सगळे बापे उभे होते. फौजेतून आलेला जोतिबासुद्धा पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. शेवटी त्यांनी तिला माघारी नेलं आणि ज्वारी काढलेल्या रानात अग्नी दिला. मी चपला हातात घेतल्या आणि ओढा ओलांडून त्यांच्यामागे गेले. आपल्या काठावरून आणखी कुणी आलं नाही.

काठावर मी तुला चार लोकांत फाडून खाल्लं नाही, त्याचं श्रेय कॉन्व्हेंटातल्या सिस्टरना. आवाज चढवू नये, तक्रार लेखी करावी, ही त्यांची शिकवण. ती आज पाळते आहे.

मी सांगलीला गेले असं तू घरोघरी सांगत फिरतोस म्हणे. मी कुठेही गेलेले नाही. मी हरणाबाईच्या खोलीत राहते आहे आणि इथेच राहणार. मतदार यादीतलं नाव इकडे आणायचा अर्जही दिला आहे. मला एकाहत्तरावं चालू आहे, म्हणजे मी मरेन तीही इथेच, परराज्यात. हा रुसवा समजू नकोस, समजूत काढायला कुणाला पाठवू नकोस. माझी तिरडी ओढ्यात आली की तू पाण्यात उतरणार, की कुलूप दाखवणार? जे माझ्यासाठी ठरवशील, तेच पलीकडच्या प्रत्येकासाठी लागू होईल, हे ध्यानात ठेवून ठरव. रविवारी, १५ मार्चला, दुपारी बाराच्या आत मला लेखी उत्तर हवं, तुझ्या सहीचं आणि ग्रामपंचायतीच्या शिक्क्याचं. फोन करू नकोस, मी उचलणार नाही.

तुझीच परराज्यातली आत्या,
संयोगिता