उसाचं बूच आणि तुझा आकडा

गांधीधाम,
जून १९९६

प्रिय करुणा,

एकदाच बघितलेल्या मुलीला 'प्रिय' लिहावं का, 'तू' म्हणावं का, हे मला कुणी शिकवलेलं नाही. सातवीला शाळा सुटली ती सुटलीच. दुसरं काही लिहून बघितलं तर ते खोटं वाटलं, म्हणून हेच ठेवलं. आमच्याकडून तुमच्या घरी गेलेला नकाराचा निरोप तुला कळला असेल. कागद फाडावासा वाटला तरी शेवटपर्यंत वाच. मला त्या निरोपाचंच लिहायचंय, पण आधी तो दिवस सांगितल्याशिवाय ते मला जमणार नाही.

आमची गाडी धूर सोडत तुमच्या अंगणात शिरली तेव्हा तुम्हा सगळ्यांना वाटलं असेल, कसले हे पाहुणे. गाडी कचरूमामाची, लहानशी, जुनी घेतलेली. आमच्या वडगावातनं निघाली तेव्हा नीट होती. भिगवणच्या अलीकडं चहाला थांबलो तर इंजिन जागेवर थरथरायला लागलं आणि बॉनेटखालनं शिट्टी वाजल्यासारखा आवाज यायला लागला. मामानं उघडून बघितलं. इंजिनाच्या झाकणावर एक करंगळीएवढा वॉल, म्हणजे झडप, असतो, ब्रीदरचा म्हणतात, तो मानेत तुटला होता आणि त्याची रबरी नळी मोकळी लोंबत होती. मी उतरायला लागलो तर अक्काबाई आत्यानं मागनं माझा सदरा धरला. "नवऱ्या मुलानं हात काळं करायचं न्हाईत. गप बस." आईबापामागं आत्यानंच मला वाढवलंय, तिच्यापुढं माझा आवाज निघत नाही. मग मामानं काय करावं? रस्त्याकडेच्या रानातनं उसाचं कांडं मोडलं, दातानं सोलून बारीक केलं आणि त्या नळीत बूच मारलं. तुटक्या वॉलचं भोक बुजवलं, शेजारची दुसरी नळी होती तिलाही तेच. गाडी लगेच शांत झाली. मामा मला म्हणाला, "बघ, तुझ्या गुजरातच्या गॅरेजातल्या उस्तादाला सांग जा." तुमच्या फाट्यावर आलो आणि ऑइल बघायची पट्टी आपोआप वर उडाली, सगळं इंजिन तेलानं न्हालं. आत्या म्हणाली, "आता तुझ्या तोंडात घाल कांडं."

मग पोहे आले, तू आलीस, पाटावर बसलीस. नाव विचारलं, शिक्षण विचारलं. बारामतीला नर्सिंग करतेस म्हणालीस. शेवटी मामा रिवाजाप्रमाणे म्हणाला, तुला काय विचारायचं असंल तर विचार. मुली मान हलवतात आणि उठतात, एवढंच मी ऐकलं होतं. तू विचारलंस, "गाडीला काय झालं?" तुझे आबा हसले, मामा खाली बघायला लागला. आणि मला पहिल्यांदाच तिथं काहीतरी बोलता आलं.

तुझा भाऊ सुमितदादा लूना काढून इंदापूरला नवा वॉल आणि त्याचं रबर आणायला गेला. तोवर मी सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या. आत्याचं ऐकायचं आता काही कारण उरलं नव्हतं, गाडी घरी जायला तर हवी होती. तू हात धुवायला पाण्याचा तांब्या घेऊन आलीस आणि तिथंच उभी राहिलीस. समोर उजनी धरणाचं पाणी पार उतरलं होतं, देवळाचं शिखर वर आलं होतं. तू म्हणालीस, "आमचं जुनं गाव तितंच हाय. आबा बोटानं घरं दाखवत्यात, मला नुसतं पाणी दिसतं." मी म्हणालो, इंजिनाचंही तसंच आहे. जळलेला धूर थोडा थोडा झिरपून त्याच्या पोटात उतरतो. दिसत कुणालाच नाही. त्याला बाहेरची वाट लागते. हा वॉल ती वाट देतो, आणि इंजिन तो धूर परत ओढून घेतं, परत जाळतं. वाट बुजवली की आत दाब साठतो आणि मिळेल तिथनं तेल बाहेर पडतं. उस्तादानं मला हे हिंदीत सांगितलं होतं. तुला मराठीत सांगताना ते मलाच पहिल्यांदा कळलं.

तुटक्या वॉलचा खालचा तुकडा झाकणाच्या रबरात अडकून बसला होता. उन्हातान्हात रबर कडक झालेलं. पकड लावली तर तुकडा आत इंजिनात पडणार, मग सगळं खोलायची पाळी. माझी बोटं जाड, माझ्याच्यानं होईना. तू केसातला आकडा काढलास, त्याचं टोक वाकवलंस, आणि म्हणालीस, "नळी बाजूला धरा." तुझे केस खांद्यावर आले, तोंडावर आले, तू ते सारलेही नाहीस. श्वास धरला होतास. मीही धरला होता. गॅरेजात मोठमोठे मिस्त्री बघितलेत, पण इतका न हलणारा हात मी बघितलेला नाही. तुकडा अलगद वर आला, त्यामागनं ते कडक रबरही.

सुमितदादा आला. तुकडा हरवू नये म्हणून तू तो पदराच्या गाठीत ठेवला होतास, तो नव्याशी ताडून बघितलास. मी नवा वॉल तुझ्या कानाशी हलवला, आत टिकटिक वाजलं. जुना मुकाच होता, तेलाच्या राडीनं भरलेला. उसाची बुचं काढली. नवा वॉल नळीला जोडला, मामानं गाडी चालू केली, आणि झाकणात बसवायच्या आधी मी तुला म्हणालो, त्याच्या तोंडावर अंगठा ठेव. तू ठेवलास. इंजिनानं तो ओढून घेतला. तू डोळे मिटलेस, पेशंटची नाडी बघावी तशी. कितीतरी वेळ. मग म्हणालीस, "ह्यो तर जिवंत हाय." मलाही तसंच वाटलं होतं, पण माझ्या धंद्यात असं कुणी म्हणत नाही.

करुणा, मी कुठं टिकणारा माणूस नाही. वीटभट्टी सोडली, कारखान्याचं कँटीन सोडलं, ट्रकवर क्लीनर होतो ते सोडलं. जिथं गेलो तिथं आतनं कुणीतरी चल म्हणायचं. हितं परत आल्यापासनं ते गप आहे. जी गाडी येते तिचा वॉल मी काढतो, अंगठा ठेवतो. दरवेळी ओढून घेतो. दरवेळी अंगावर काटा येतो. उस्ताद म्हणतो, पागल झालास. रोज ह्या वस्तूंत हात घालतोय आणि त्या श्वास घेतात हे मला तुमच्या अंगणात कळलं.

आता निरोपाचं. तुमच्या घरी सांगितलं गेलं की मुलाला मुलगी पसंत नाही. मुलगा म्हणजे मी, आणि मला कुणी विचारलेलंच नाही. परवा एसटीडी बूथवरनं घरी फोन लावला तेव्हा कळलं. आत्याला तू पसंत नाहीस, कारण चार माणसांत तू केस सोडलेस. मी म्हणालो, त्या आकड्यामुळं तर आपण घरी आलो. ती म्हणाली, "मग आकड्याशीच लगीन लाव." मी आयुष्यात पहिल्यांदा तिला उलटं बोललो. म्हणालो, नकार तुझा हाय आत्या, तो माझ्या तोंडात घालू नको. तिनं फोन ठेवला. आता रागावली आहे की विचार करते आहे, मला माहीत नाही. ती उद्या हो म्हणेल की कधीच म्हणणार नाही, त्याच्याआधी मला तुझं ऐकायचंय. तुमच्याकडंही आबांनी होकार दिला होता, तुला कुणी विचारलं होतं का ते मी विचारलं नाही. आता विचारतोय. नको वाटत असेल तर नको लिही, पण ते तुझं असू दे. तुझा वाकडा झालेला आकडा माझ्या सदऱ्याच्या खिशात राहिलाय. नको असेल तर सुमितदादाच्या नावानं टपालानं पाठवून देईन. हो असेल तर घेऊन मी येतो, आत्यालाही बरोबर घेऊन, आणि तो तिच्यासमोर तुझ्या हातात देतो.

'तुझाच' लिहायची जागा मोकळी सोडून,
अनुप