मोहाखालचे नऊ चौकोन

बोरी अरब,
घटस्थापना

प्रिय मारोती,

तुझा पत्ता आपल्या धाकट्या बहिणीकडून, कोकिळेकडून घेतला. ती आधी देईना. ‘फोन कर ना दादा, आता पत्र कोण लिहिते?’ म्हणाली. नंबर माझ्याकडेही आहे. पण माझं नाव पाहून तू उचलणार नाहीस, आणि उचललास तर मला बोलता येणार नाही. कागदावर मधे थांबता येतं.

पाऊस उघडला आहे. कपाशी कमरेला लागली. तुझ्या वाट्याचं शेत बबनरावच मक्त्याने करतात, त्यात तूर बरी आहे. घरात मी एकटाच. सकाळी दिवा लावायचा, दोन भाकरी टाकायच्या आणि आठच्या एसटीने यवतमाळ गाठायचं. तुझी वहिनी गेली तेव्हा तू वापीहून आलास, अंगणातच उभा राहिलास. कोकिळेने तुझ्यासाठी आणलेला पाण्याचा पेला संध्याकाळपर्यंत ओट्यावर तसाच भरलेला होता. चार वर्षं झाली, पण मला तो पेला आठवतो.

आपलं बोलणं तुटलं त्याला अकरा वर्षं झाली. आपल्या दोघांच्या शेतांमधल्या धुऱ्यावर उभा राहून तू सगळ्यांदेखत म्हणाला होतास, ‘दादा, तू धुरा खाऊन राह्यला.’ बाबांनी आखून दिलेल्या धुऱ्याला मी हात लावला नाही, असं मी पंचांना सांगितलं. महादेवाच्या पिंडीवरचा बेल उचलून सांगितलं. मोठ्या भावाने बेल उचलल्यावर पंच काय बोलणार? तू त्याच आठवड्यात गाव सोडलंस.

माझ्या कामाचं तुला कधी सांगितलं नाही. विमानातून काढलेला जिल्ह्याचा फोटो आमच्या ऑफिसात असतो. तो इतका मोठा की कोणाच्या मोबाइलवर उघडायचा नाही. म्हणून कॉम्प्युटर त्याचे चौकोन पाडून ठेवतो. आधी लांबून दिसणारे, मग जवळचे, मग आणखी जवळचे. पाहणाऱ्याने जेवढी जागा मागितली तेवढेच चौकोन त्याला पाठवायचे. अगदी जवळचे चौकोन साठवायला फार जागा लागते, म्हणून ते वणी, उमरखेड अशा गावांचेच आधी पाडून ठेवलेत. शेतशिवाराचे नाहीत. तिथे कोणी पहिल्यांदा पाहिलं की तेवढ्यापुरते तयार होतात आणि मग तारखेसकट राहतात. आपल्या गावाचेही आधीच पाडू या, असं मी एकदा सुचवलं. आमच्या सुरभी मॅडम हसल्या, ‘काका, तुमची कपाशी इतक्या जवळून पाहणार कोण?’ मुलगी चांगली आहे. मला सगळं तिनेच शिकवलं.

लोकांना आजवर दिसतो तो फोटो जुना, बाबांनी वाटणी केली त्या सालचा. आता नवा आला आहे. जुने चौकोन पुसायचे, त्याआधी कुठे काय साठलंय ते तपासायचं, हे काम माझ्याकडे आलं. परवा आपलं शिवार उघडलं. जवळच्या चौकोनांच्या जागी सगळीकडे रिकामं, आणि मधेच नऊ चौकोन. कोणी घर पाहिलं नव्हतं, देऊळ पाहिलं नव्हतं. विहिरीपासून मोहाच्या झाडापर्यंत, धुऱ्याधुऱ्याने एका ओळीत नऊ. तारीख पोळ्याची, वेळ दुपारची. ते कोणी पाहिले हे मला विचारावं लागलं नाही. त्या दुपारी मी इथे मातीच्या बैलांपुढे नैवेद्य ठेवून एकटाच जेवत होतो. तूही तिकडे आपल्याच शेतात होतास. दुपारचा डबा मी उघडला नाही. मॅडमनी विचारलं, बरं नाही का.

ते नऊ चौकोन मग मीही पाहिले. धुरा मोहाच्या घेराच्या बरोबर मधून जातो, बाबांनी आखला तसा. आज तो घेराच्या कडेने जातो, तुझ्या बाजूच्या. पाच हात. एका दिवसात नाही सरकवला, मारोती. दरसाल नांगरताना फाळाचं एखादं तास तुझ्याकडे जास्त घेत गेलो, आणि वळून पाहिलं नाही. बेल उचलला तेव्हा मला माहीत होतं. त्या दिवसापासून मी गाभाऱ्यात गेलेलो नाही, बाहेरच्या पायरीवरूनच हात जोडतो. लोकांना वाटतं माझे गुडघे दुखतात.

पोळ्यापासून पुरावा तुझ्या हातात आहे. तू मोजणीचा अर्ज दिला नाहीस, बबनरावांना कळवलं नाहीस, कोकिळेलाही दाखवलं नाहीस. तिला मी आडून विचारून पाहिलं, तिला काही ठाऊक नाही. तू ओरडला असतास तर मी कदाचित आणखी एकदा खोटं बोललो असतो. तुझं गप्प राहणं मात्र सोसवत नाही. सोमवारी सकाळी ते चौकोन मीच पुसायचे आहेत. पुसले की तुला कोणाला काही दाखवता येणार नाही, आणि मला कोणी काही विचारणार नाही. म्हणून आज नऊही छापून, एकाला एक जोडून, सोबत पाठवतो आहे. पाठीमागे मी सगळं लिहून सही केली आहे. कपाशीची शेवटची वेचणी झाली की ये. मोहाच्या बुंध्याशी खुंटी तू रोव, धुरा मी बांधतो. मग देवळात जाऊ. तू पुढे हो, म्हणजे तुझ्यामागून मला आत येता येईल.

तुझाच,
उकंडादादा