बारा डॉलर पौंड आणि हरवलेलं बाळ

बेसील, लुईझियाना
१५ फेब्रुवारी २०२४

चि. व्हर्डीस,
झुलीमताईचे अ. उ. आ. वि. वि.

मंगळवारी मार्दी ग्राच्या सणाचा केक खाऊन गेलीस ती गेलीसच. लेक चार्ल्सला सुखरूप पोचलीस की नाही, दोन ओळी लिहायला काय होतं? फोन मी मुद्दामच करत नाही. फोन लावला की माझे चिरंजीव अल्सी शेजारी येऊन उभे राहतात आणि आपण कुणाची उणीदुणी काढतोय ते ऐकून दात काढतात. पत्र बरं, ते कुणी उघडत नाही.

आता मुद्द्याचं. बाळ कुठे गेलं? किंग केक मी केला, प्लास्टिकचं बाळ मी आत घातलं. आई करायची तसे आपल्या चार भावंडांच्या घरांचे चार वाटे केले: तुझा, थिओजीनचा, ओलामेचा आणि माझा. केकचा कणही उरला नाही. थिओने तर ताटावरची जांभळी साखरसुद्धा बोटाने निपटून खाल्ली. आणि बाळ म्हणे कुणालाच सापडलं नाही! सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले. बावन्न वर्षांत असं झालेलं नाही.

कारण मला ठाऊक आहे. ज्याला बाळ सापडेल त्याने गुड फ्रायडेला सगळ्या गोताला अंगणात बोलावून खाचरातले ते नांगीवाले झिंगे, क्रॉफिश, उकडून घालायचे, हा आईचा नियम. आणि यंदा आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात उकडलेल्या क्रॉफिशचा भाव आहे बारा डॉलर पौंड. गेल्या वर्षी पाच होता. साठ माणसं, माणशी चार पौंड, वर थिओ एकटा दहा पौंड. कुणीतरी पोटाशी बाळ धरून बसलंय, दुसरं काय!

अल्सीच्या क्रॉफिशच्या खाचरांतून काही मिळेल ही आशा नको. उन्हाळ्यात पाऊस नाही, खाचरांच्या बांधांना हात जाईल एवढ्या भेगा पडल्या, आणि बांधात बिळं करून दडलेल्या क्रॉफिशच्या माद्या बिळातच वाळून गेल्या. ऑक्टोबरात भातखाचरांत पाणी सोडलं, तर वर यायला कुणी उरलंच नव्हतं. तीनशे सापळे उचलतो तेव्हा कसंबसं एक पोतं भरतं. परवा एका सापळ्यात एकच क्रॉफिश आणि एक कासव निघालं, आणि अल्सी म्हणतो की दोघं त्याच्याकडेच रागाने बघत होते.

पण हा शुक्रवार चुकवून चालणार नाही. तुझं घर विकलं गेलं, ईस्टर झाला की तू मुलाकडे ओहायोला निघालीस. त्याआधी सगळे एका टेबलाभोवती उभे राहिलेले मला बघायचेत. चोर कोण असेल ते तुझ्या डोक्याने शोध. तुझं डोकं असल्या कामात पहिल्यापासून चालतं.

कळावे. लोभ आहे तेवढा पुरे, पत्र मात्र लांब लिही.
तुझी,
झुलीमताई

लेक चार्ल्स
२१ फेब्रुवारी २०२४

ती. ताईस,
व्हर्डीचा सा. न. वि. वि.

पोचले. सुखरूप आहे. कपबश्या कागदात गुंडाळतेय, आणि प्रत्येक कपबशी गुंडाळताना ही ओहायोला कशाला न्यायची असं म्हणत परत सोडतेय.

चोर मला विचारशील तर आपला थिओदादा. त्याच्या कवळीखाली बाळ काय, आख्खा पाळणा गेला तरी त्याला कळायचं नाही. आठव, मागे त्याने केकमधलं अक्रोड समजून ओलामेचं कर्णफूल चावलं होतं. गिळून बसला असेल. बिचाऱ्याला बोलू नकोस.

काल इथल्या एका हॉटेलात गेले. पाटीवर क्रॉफिशपुढे भावच लिहिला नव्हता. विचारलं, तर पोरीने आधी मला खुर्ची दिली, मग भाव सांगितला. मी अंड्याचं सँडविच खाऊन आले. शेजारच्या टेबलावर एक नवरा-बायको दोन पौंड घेऊन बसले होते आणि एकेक शेपूट मोजून वाटून खात होते. डोकी चोखायला मात्र दोघांचं भांडण. मी पाव संपला तरी उठले नाही.

म्हणून म्हणते ताई, यंदा राहू दे. बाळ सापडलं नाही तर नाही. माझ्यासाठी म्हणून तर मुळीच नको. मी काय, ओहायोला जाऊन मक्याचं सूप पिईन. तुझं ते अंजिराचं झाड कसं आहे? अख्खा उन्हाळा माणसं प्यायचं पाणी जपून वापरत होती, आणि तू नळी घेऊन बांधावरच्या अंजिराला न्हाऊ घालत होतीस. अल्सी तुला वेडी म्हणाला होता, मी त्याच्याच बाजूची.

बाळाचा विषय खरंच सोड.

राग नसावा, लोभ होता तेवढाच ठेव.
तुझी,
व्हर्डी

बेसील
४ मार्च २०२४

चि. व्हर्डीस,
अ. उ. आ. वि. वि.

विषय सोडते म्हटलं तरी विषय मला सोडत नाही. तुझं पत्र मी ओलामेला वाचून दाखवलं. ती धाकटी असली तरी धसमुसळी. तिने थिओला गाडीत घातलं आणि थेट डॉक्टरकडे नेऊन त्याच्या पोटाचा फोटो काढायला लावला. बाळ काही दिसलं नाही. डॉक्टर म्हणाला प्लास्टिक फोटोत येतही नाही, हे आधी विचारलं असतं तर बरं झालं असतं. एवढं हसून झाल्यावर म्हणाला, यकृत मात्र छान आहे. थिओ आता गावभर आपलं यकृत मिरवत फिरतोय. बाळाबद्दल विचारलं की टोपी डोळ्यांवर ओढतो.

आता खरी बातमी. बसून वाच.

अंजिराच्या बांधाला लागून जे छोटं खाचर आहे ना, स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं ते, तिथे अल्सीने यंदा सापळेच लावले नव्हते. म्हणाला, इंधन फुकट. मी म्हटलं, माझ्या समाधानासाठी दहा लाव. कुरकुर करत लावले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भांडी घासतेय, तर बाहेर अल्सी ओरडतोय. मला वाटलं साप. पळत गेले. पहिला सापळा काठोकाठ, दुसरा काठोकाठ, तिसऱ्यात तर आत जागा नाही म्हणून काही वर बसलेले! लालभडक, बोटभर जाड नांग्यांचे. अल्सी नावेत उभा राहून नाचायला लागला आणि नावेसकट पाण्यात गेला. पाणी गुडघ्याएवढं, म्हणून मला मनसोक्त हसता आलं.

तू म्हणालीस ना वेडी? अख्ख्या शिवारात एकच बांध उन्हाळाभर ओला होता, माझ्या अंजिराचा. सगळ्या माद्या तिथे बिळं करून जगल्या, पिल्लांसकट. अल्सी आता अंजिराला नमस्कार करून मग नावेत बसतो. आता तिथे सापळे वाढवलेत, दिवसाला चार पोती निघतायत. तो म्हणाला विकू, भाव आठवर आलाय तरी सोनं आहे. मी म्हटलं पहिली पोती तू वीक, पण गुड फ्रायडेच्या आदल्या दोन दिवसांची आठ पोती माझ्या अंजिराची. त्याने हूं की चूं केलं नाही. गप्प का बसला, कोण जाणे.

तेव्हा क्रॉफिश आहेत, हंडा आहे, टेबल आहे. नाही तो फक्त बोलावणारा. आईचा नियम मी मोडणार नाही. बाळवाल्याने बोलवायचं, नाहीतर कुणी यायचं नाही. मी वाट बघतेय.

लोभ राहू दे. यकृत जप.
तुझी,
झुलीमताई

लेक चार्ल्स
११ मार्च २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाळ माझ्याकडे आहे.

लिहून टाकलं एकदाचं. निम्मा वाटा खाल्ला आणि दाताखाली आलं. गालात धरलं, वर दोन कप कॉफी प्यायले, आणि ओलामे तिच्या गुडघेदुखीचं सांगत होती तेव्हा तासभर नुसती हूं हूं करत बसले. ती म्हणाली असेल, व्हर्डी किती मन लावून ऐकते! घरी आल्यावर रुमालात काढलं. थिओदादाचा फोटो निघाला हे वाचून मला हसूही आलं आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं.

बारा डॉलरला घाबरले, हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं ऐक. बाळ ज्याला मिळतं त्याने पुढच्या वर्षीचा केकही आणायचा असतो. पुढच्या वर्षी मी कुठे असणार? हात वर केला असता तर सगळ्यांसमोर म्हणावं लागलं असतं की केक माझ्याने होणार नाही, पुढच्या वेळी मला धरू नका, मी आता तुमच्यात नाही. ते वाक्य तोंडातून निघेना, म्हणून बाळही निघालं नाही. बहात्तर वर्षांची बाई केकच्या ताटासमोर रडली असती तर बरं दिसलं असतं का?

बाळ सोबत पाठवतेय. धुतलेलं आहे. दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर घाल, आणि शुक्रवार होऊ दे. मी येईन, कोपऱ्यात उभी राहून सोलेन.

माझ्यावर रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी,
व्हर्डी

बेसील
१५ मार्च २०२४

चि. व्हर्डीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी आधी रडले आणि मग इतकी हसले की अल्सी पाण्याचा ग्लास घेऊन धावत आला.

अगं वेडे, केकमध्ये मी चार बाळं घातली होती!

हो, चार. प्रत्येक घराच्या वाट्यात एक. एवढा भाव एका घराला झेपणार नाही हे मला जानेवारीतच दिसत होतं. म्हटलं, चौघंही हात वर करतील, मजा येईल, मग चौघं मिळून करू. मनात सगळं चित्र रंगवून मी केक कापला. आणि एकही हात वर आला नाही! चार गेली आत, शून्य बाहेर. मी टेबलाच्या टोकाला उभी राहून चार चोरांची निष्पाप तोंडं बघत होते. आपल्या आईने आणि मी वाढवलेली ही पोरं!

थिओ तर टोपीत बाळ ठेवून पोटाचा फोटो काढून आला, पण कबूल झाला नाही. ओलामेच त्याला घेऊन गेली, आणि तिचं स्वतःचं बाळ तेव्हा कुठे होतं, देव जाणे. आणि चौथं कुठलं? माझ्याच वाट्यातलं. तो वाटा मी आणि अल्सीने खाल्ला, आणि मला काही सापडलं नाही. पोटच्या पोराने मला फसवलं, व्हर्डी. आठ पोती मागितली तेव्हा गप्प का बसला, ते आता तुलाही कळलं असेल.

पण कबूल केलंस ते तू एकटीने. तेव्हा बाळ परत पाठवतेय. दुसऱ्या कुणाच्या नावावर घालायचं नाही. बोलावणं तुझ्या नावाने जाईल, माझ्या अंगणात. आणि तू आमच्यात नाहीस असं पुन्हा लिहिलंस तर ओहायोपर्यंत येऊन कान उपटेन. ज्याच्याकडे बाळ असतं त्याला पुढच्या वर्षी यावंच लागतं. तुझ्या वाट्यात मी ते अगदी मधोमध खुपसलं होतं, चुकून ओलामेकडे जायला नको म्हणून. आता समज.

बाकीच्यांना यातलं अक्षर कळवू नकोस. मला गंमत बघायचीय.

लोभ आहे, तुला ठाऊक आहे किती.
तुझी,
झुलीमताई

डेटन, ओहायो
९ एप्रिल २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पोचले. इथे अजून झाडांना पानं नाहीत आणि सूनबाई जेवणात मिरी घालताना आधी परवानगी विचारते. मुलगा नुमा मला काल बाजारात घेऊन गेला. तिथे बर्फात गोठवलेल्या क्रॉफिशची पिशवी होती, कुठल्या परदेशातून आलेली, शेपट्या शेवयांएवढ्या, आणि भाव विचारू नकोस. मी दुकानदाराला अंजिराच्या बांधाची सगळी गोष्ट सांगितली. नुमा दुसऱ्या रांगेत जाऊन उभा राहिला.

शुक्रवार माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. अल्सी आणि थिओदादाने हंडा उचलून वर्तमानपत्रांवर ओतला, वाफ निघाली, लाल डोंगर पसरला, बटाटे घरंगळले, मका घरंगळला, आणि त्यांच्यामागून टुणटुण उड्या मारत तीन बाळं! उकडून लाल झालेली, मसाल्याने माखलेली. मन खायला लागल्यावर तिघांनीही, एकमेकांची नजर चुकवून, आपापलं बाळ हंड्यात टाकलं होतं. मग साठ माणसं बाळांकडे, आणि तिघं चोर आभाळाकडे बघतायत. थिओदादा म्हणाला यंदा दुष्काळाने क्रॉफिशची जातच बदललेली दिसते. ओलामे म्हणाली तिचा चष्मा घरी राहिलाय. अल्सीने तर तुझ्याकडे न बघता एक बाळ उचललं आणि तिखट झालंय का म्हणून चाटून बघितलं. मग मी पर्समधून माझं चौथं काढून वर धरलं. त्यानंतर जे हसू फुटलं ते थांबेना. शेजारचे लोक कुंपणापाशी आले, त्यांनाही तू ताट दिलंस. ती आठ पोती विकली असती तर किती आले असते, हे एकानेही विचारलं नाही. मी चार पौंड खाल्ले, कोपऱ्यात नाही, अगदी मध्ये उभी राहून.

निघताना मी कुणाला मिठी मारली नाही, कारण हात मसाल्याचे होते आणि डोळे आधीच वाहत होते. बरं दिसलं नसेल, पण दिसू दे.

आता ऐक. काल चष्मा काढायला पर्स उघडली, तर तळाशी कागदी रुमालाची पुडी. माझं बाळ होतंच, आणि त्याच्याशेजारी लाल लाल तीन! बघताना हात डोळ्याला लागला आणि दहा मिनिटं मी नळाखाली उभी होते. सूनबाई घाबरून डॉक्टरला फोन करायला निघाली. कुणी घातली ते विचारत नाही. तुमच्यापैकी एकही कबूल करायचा नाही, हे मी पाहिलंय.

चारही बाळं आता माझ्याकडे आहेत. म्हणजे चारही घरांचे केक मीच आणायचे. नुमा विचारत होता, एवढ्या लांबच्या बसमध्ये चार केक कसे नेणार. म्हटलं, मांडीवर. पुढच्या वर्षी मार्दी ग्रा चार मार्चला आहे, तिकीट आज सकाळीच काढलं. अल्सीला मोकळ्या हातांनी थांब्यावर पाठव, आणि अंजिराला रोज पाणी घाल.

लोभ माझा आहेच, तुमचा माझ्या पर्समध्ये आहे.
तुझी, चार बाळं सांभाळणारी,
व्हर्डी